बाकी

त्या वर्षी कुपनं आली, गुलाबी आणि निळी.
गुलाबी लहान वस्तूंसाठी, निळी मोठ्या,
असं जिल्ह्याच्या माणसाने सांगितलं
आणि चहाला न थांबता जीप वळवली.

मी यांजमा, पशुसंघाची हिशेबनीस.
एकोणीस वर्षं मेंढ्या मोजल्या त्या कागदावर,
एकीच्याही पाठीवर हात ठेवला नव्हता.
आता तेवीस हजार चारशे सहा जनावरं
आठशे बारा माणसांत वाटायची होती.
मण्यांच्या पाटीवर तीनदा भागलं,
तीनदा बाकी आली सहाशे सत्तर.
ही बाकी कुणाची,
यावर पहिली रात्र गेली.

जनावरांचं जमलं शेवटी.
जनावरं आपल्या पायांनी जातात.

पण ट्रॅक्टर?
चेरेनदोर्जला इंजिन मिळालं, त्याच्या मेहुण्याला चाकं.
अजून बोलत नाहीत एकमेकांशी.
लुवसानने पंप उचलून नेला;
विहीर कुणाच्याच हिश्श्यात नव्हती,
ती राहिली जागच्या जागी, आ वासून.
आणि सभागृहातला पियानो
चिठ्ठीत गोंबोच्या नावे निघाला,
जो दोन दिवस घोड्यावरून आला होता
आणि ज्याने ही वस्तू आधी पाहिलीच नव्हती.
त्याने झाकण उघडलं.
अंगठ्याने एक पट्टी दाबली
आणि आवाज पार संपेपर्यंत उभा राहिला.
मग मला हळूच विचारलं,
याच्या बदल्यात दोन शेळ्या नाही का मिळणार?

नाही मिळाल्या.
तारा त्याने कुंपणाला बांधल्या.
लाकूड चांगलं जळलं म्हणे,
धुराला वास मात्र औषधाचा.

मला नऊ मेंढ्या, एक कानी गाय,
आणि ही वही, कारण ती कुणी मागितली नाही.

मी जुन्या दिवसांची आरती ओवाळत नाही.
योजनेचा आकडा गाठायला
मेलेली कोकरं मी कागदावर
दोन-दोन वर्षं चरवली आहेत.
आणि माझ्या आजोबांचं नाव
एका रात्रीत सगळ्या कागदांवरून गेलं होतं,
तेव्हा कुपन वगैरे काही आलं नाही.
पण वादळ झालं की चाऱ्याचा ट्रक यायचा.
उशिरा यायचा, अर्धे काटेच असायचे,
बाजूला घोषणा रंगवलेली असायची.
यायचा.

मग सीमेपलीकडून दुसरे ट्रक आले,
त्यांनी तराजू आपलाच आणला होता.
शेळीची लोकर, फक्त शेळीची.
शहरात कारखाने बंद पडले तसे
शिंपी आले, वायरमन आले, भूगोलाचा एक मास्तर आला,
सगळ्यांनी शेळ्या घेतल्या.
मेंढी गवत खाते, शेळी मुळं.
हे मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होतं,
पण भाव चढत होता,
आणि चढत्या भावाला मुळं कोण दाखवणार.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात बर्फाखाली बर्फ गोठला.
शेळ्या उभ्याउभ्या मेल्या, एकमेकींना टेकून,
वसंतापर्यंत पडल्यासुद्धा नाहीत.

मार्चमध्ये गोंबो पायी आला.
पायी.
आमच्याकडे हा शब्द हळू बोलतात.
मी खारा चहा ओतला, वर होतं तेवढं दूध.
तो म्हणाला, बाई, वही आहे ना अजून?
बघ, माझ्या नावे काही राहिलंय का?
होतं काय? एक ओळ, माझ्याच अक्षरात,
पियानो एक, चालू स्थितीत.

तो हसला. पहिल्यांदाच, दात नसलेलं.
मग कोटाच्या घडीतून
एक पांढरी पट्टी काढून त्याने चुलीजवळ ठेवली.
ही जाळली नाही, म्हणाला.
नात हिच्यावर बोट ठेवते
आणि आवाज तोंडाने काढते.

जाताना विसरला, की ठेवून गेला, कळलं नाही.
मी टोपण काढून शाई फुंकरीने गरम केली,
नव्या पानावर लिहिलं:
पट्टी, एक, पांढरी. परत करायची आहे.
किमतीचा रकाना
मोकळा सोडला.