मांदारोवा

तापाजोसच्या काठी
झुल्मीरा कसाव्यात वाकून अळ्या वेचते,
बोटाएवढ्या, हिरव्या, शेपटीवर शिंग.
झाकणाच्या डब्यात टाकते. मोजत नाही.
तीन रात्रींत अख्ख्या शेताचा खराटा झालेला
तिने पाहिलाय.

पीठ भाजून झालं, हात धुतले,
तरी नखांत हिरवं राहतंच.

दिवेलागणीनंतर पपईपाशी
राखी पंखांचं काहीतरी
हवेतच थांबतं. फुलाला न टेकता
लांब सोंड आत सोडतं.

ओदाइर ओरडतो, "आई, मांदारोवा! मार!"

ती कंदिलाची वात खाली करते.
"हिचा नर तिकडे, कुंपणापलीकडे,"
पपईच्या खोडाला थोपटत म्हणते,
"निरोप कोण नेणार,
तू?"

चुलीशेजारी
डब्यात अजून वळवळतंय.