दोन काड्या

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गणपतीपासूनच सुरू करा.
मोबाइलवर फटाक्यांचा आवाज लावायचा, अगदी बारीक,
तिला ऐकू येईल न येईल इतका,
आणि लगेच तोंडाशी उकडलेल्या कलेजीचा तुकडा.
मग आठवड्याला एकेक काडी वर.
होईल तिला सवय.

घरी आलो. बुंदीला समोर बसवलं.
मला काही ऐकू येईना, म्हणून थोडा वाढवला,
मग आणखी थोडा.
ऐकू आला तेव्हा कलेजी पुढे केली
तर समोर कुत्री नव्हती.

हेमलता हात पुसत धावत आली,
अहो, खालच्या वाण्यापर्यंत जातोय आवाज!
बुंदी पलंगाखाली, ट्रंकेमागे, पार भिंतीला चिकटून.
फरशीवर ओलं.
मी पालथा पडून हाका मारत राहिलो,
त्याही मोठ्यानेच मारल्या असणार.

रबाळ्याच्या प्रेस शॉपमध्ये मी एकतीस वर्षं होतो.
दोनशे टनी प्रेस. पत्रा ठेवायचा, हात काढायचा,
धाड.
पहिल्या दिवशी दर धाडीला दचकलो,
जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडेना.
फोरमन मोकल हसला. होईल सवय.
झाली.
म्हणजे मी जिला सवय समजत होतो
तो माझा डावा कान जात होता.
उजवा त्याच्या मागोमाग, जरा सावकाश.
निरोपाला कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
टिकटिक करतं म्हणे.

आता मोबाइल हेमलताच्या हातात, दोन काड्यांवर.
माझ्याकडे कलेजी,
आणि बघायला बुंदीचे कान.
एक कान मागे वळला, की लागला आवाज.
ओठांवरून जीभ फिरली, की पुरे.
नवरात्रात तीन काड्या झाल्या.
कोजागिरीला चार केल्या तर तिनं जांभई दिली;
ती झोपेची नसते, बाईंनी बजावलं होतं.
आम्ही मुकाट्यानं परत तीनवर आलो.
प्रेसला अशी काडी नव्हती.

लक्ष्मीपूजनाला चौथीपर्यंत जेमतेम पोचलो होतो
आणि खाली, सेक्टर आठच्या गल्लीत,
दहा हजारांची लड पसरत होते.
रस्त्याकडे खिडकी नसलेली जागा एकच, न्हाणी.
बादल्या बाहेर काढल्या, गोधडी अंथरली,
दाराच्या फटीला टॉवेल.
आत अजून उटण्याचा वास.
बुंदी माझ्या मांडीत शिरली, होती त्याहून लहान होऊन.
मी कानातलं यंत्र काढून साबणाच्या डबीत ठेवलं.
वाटलं, दोघांतल्या एकाला तरी शांतता असू दे.

पण तिच्या बरगड्यांवर हात टेकला
आणि लड तळव्याला ऐकू आली.
सुटा एकेक,
मग तीन एकदम,
मग न उडालेल्याची वाट पाहणं.
कित्येक वर्षांत मी काही इतकं नीट ऐकलं नव्हतं.

दार किलकिलं करून हेमलतानं विचारलं, ओठांनी:
संपलं ना?
तिच्या मते संपलं होतं.
मी मान हलवली, नाही अजून.

साडेअकराला बुंदीनं कलेजी हुंगली, खाल्ली नाही.
माझा अंगठा चाटला,
तोच, प्रेसखालून वेळेवर न निघालेला, नख नसलेला.
माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.
बराच वेळ तसेच बसलो.
पावणेएकच्या सुमारास कुणीतरी उरलेला एक लावला,
दिव्याच्या दिशेला, खाडीकडे, लांब.
तळव्याला कळलं.

होईल सवय,
अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं नाही.
सकाळी तिला खाली नेलं तेव्हा
सगळी गल्ली लाल कागदानं भरलेली,
आणि ती एकेका कपट्याशी थांबून
नाक लावून बघत होती,
हा होता का, की हा.