कपाचा कान

ग्राझ. एप्रिल. हिवाळाभर जिन्यात,
सायकलींशेजारी उभी असलेली कण्हेर
ओर्ट्रूननं अंगणात ओढली.

कुंडी सोडेना.
आडवी पाडून लाथ. अजून एक.
आली बाहेर, मुळंच मुळं,
कुंडी गेली तरी कुंडीचाच आकार धरून.

भांडी घासायचे हातमोजे घालून
पावाच्या सुरीनं ती तळ कापू लागली,
तर भोकावर ठेवलेली खापरी लागली:
निळ्या कपाचा कान.

व्हिन्झेन्झनं फेकलेला तो कप.
कशावरून, आठवत नाही.
भिंतीवर, तिच्यावर नाही, एवढं आठवतं.

कानातून एक मूळ आरपार गेलेलं,
बांगडीत सुजलेलं मनगट.
आता निघायचा नाही.

मग कानासकट सगळंच
नव्या कुंडीत, एक माप मोठ्या.
पाणी घातलं.
खालून गढूळ आलं,
मग जरा कमी गढूळ.