फसी

खडे बाजारात साड्या उलगडून दाखवतो,
यंदा सत्तावीस वर्षं झाली.
गिऱ्हाईक आधी माझ्या बोटांना कळतं, मला नंतर.

जांबोटीची द्रौपदाबाई आली, दुपारच्या बसनं.
इरकल काढली. काठ बघितला,
पदर जिथं जोडतात तो सांधा नखानं चाचपला,
मग साडी घेऊन थेट दाराबाहेर, उन्हात.
परत आली. "दुसरी."
चौदावीला रुमालाचं टोक ओलं करून
काठावर घासलं.

गल्ल्यावर श्रेणिक, मालकांचा मुलगा,
बीबीए करून नुकताच बसायला लागलेला.
हळूच म्हणाला, "मोनाप्पा, फसी आहे ती."

मला ऐकू आलं, फशी.
म्हटलं, छे हो, ही कसली फशी पडतेय!
तो हसला. इंग्रजी शब्द आहे म्हणाला.
अर्थ विचारला तर हात हलवला,
माशी हाकलावी तसा.

शब्द आमच्याकडंही आहेत, पण ते
बाई कशातून उतरली त्यावर ठरतात.
मोटारीतून, तर चोखंदळ.
बसमधून, तर किरकिरी.
बाप्या असला की पारखी,
आणि नवी सून असली की नखरे.
कानडी गिऱ्हाईक सरळ विचारतं,
"बण्ण बिडतैतेन्री?"
रंग जातो का हो?
मी म्हणतो, "इल्लरी."
मराठीत विचारलं तर, "नाही हो."

द्रौपदाबाई माझ्याबरोबर घड्या घालू लागली.
(असं कुणी करत नाही.)
म्हणाली, थोरलीच्या लग्नात हिरवी घेतलेली,
इथनंच की शेजारनं, आठवत नाही.
पहिल्याच धुण्यात सासऱ्याची तीन धोतरं हिरवी झाली.
पोरीला त्या घरात अजून
हिरवी म्हणूनच हाक मारतात.

माझी घडी चुकली. परत मोडली.

श्रेणिकला सांगावंसं वाटलं,
तुमचा शब्द बरोबर आहे, पण अर्धाच.
आधी माणूस फशी पडतं,
मग उरलेला जन्म फसी होतं.
त्याचा फोन चालू होता.

सतरावी तिनं मांडीवर घेतली.
"रंग?" एवढंच विचारलं.
तोंडात "नाही हो" तयार होतं, सवयीचं.
म्हटलं, "जाईल, बाई."

तिनं पहिल्यांदाच साडी सोडून
माझ्याकडं बघितलं, उन्हात धरून बघावं तसं.
"मग न जाणारी कुठली?"

मी शिडी ओढली,
सगळ्यात वरच्या फळीला लावली.