लाभ

चोपड्याच्या बाजार समितीत
एकतीस वर्षं मी मापाडी होतो.
दादर, उडीद, मका, हरभरा,
हाताखालून गेलं ते सगळं दुसऱ्याचं.

पहिलं माप टाकताना मापाडी 'एक' म्हणत नाही,
'लाभ' म्हणतो.
मग दोन, मग तीन, मग थेट संध्याकाळ.
झोपेतही मी मोजायचो म्हणे.
पमा सांगते, चाळीसच्या पुढे गेलात
की मी कूस बदलून घ्यायची.

रिटायर झालो तेव्हा मागच्या दारी
दीड गुंठा नुसता पडलेला.
बाभळीचे काटे, फुटकी कौलं,
कुणा जुन्या भाडेकऱ्यानं पुरलेली सायकलची चेन.
आखाजी झाल्यावर कुदळ मारली
तर पहिल्या घावाला दांडाच निसटला.

बी दिलं हुरमत तडवीनं.
पदराच्या गाठीतून सोडवलं, चिमूटभर.
म्हणाली, भरताचं आहे, हिरवं, पांढऱ्या रेघांचं.
जांभळं निघालं तर माझ्या दारात येऊन शिव्या द्या.

शिव्या द्यायची वेळ आली नाही.

आता दसरा होऊन गेलाय.
दुपारी ऊन डोक्यात जातं,
पहाटे मात्र पानांवर हात फिरवला की ओला होतो.
कापूस वेचायला निघालेल्या बायांचा टेम्पो
अंधारातच बोलत बोलत जातो,
त्याच्या मागोमाग मी टोपली घेऊन उतरतो.

गिलकी कुंपण सोडून लोटन अण्णाच्या
डिश अँटेनावर चढली.
तो भांडायला आला, चित्र फुटतं म्हणाला.
चार गिलकी घेऊन गेला.
दुसऱ्या दिवशी विचारून गेला, दोडकी कधी?
अंबाडी कमरेला लागली.
चवळीनं काय करावं, तिनं कढीपत्त्यालाच मिठी मारली.
डांगर एकच धरलं, पण असं
की पमानं त्याच्याखाली जुनी उशी ठेवली.
मिरच्या थोड्या किडल्या. किडू दे.

आणि वांगी.
हाताला जड, थंड,
रात्र अजून आत असल्यासारखी.
पहिलं खुडताना देठानं बोट फोडलं.
सगळा जन्म काट्यावर गेला
आणि घरात काटा नाही,
असलाच तर हा, वांग्याचा.

तरी सवयीनं मोजायला बसलो.
पहिलं उचललं. लाभ.
दुसरं उचललं.
'दोन' ओठांवर येईना.
लाभ, म्हणालो.
तिसरं, तेही लाभ.
टोपली रिकामी होऊन भरली
आणि मी पहिल्याच मापावर.

आभार मानायची आमच्यात रीत नाही.
शेजारून वाटी आली
तर ती रिकामी परत जात नाही, एवढंच.
गूळ नाही तर शेंगदाणे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.
हुरमतकडे पाच वांगी आणि अंबाडीची जुडी पोचवली.
ती म्हणाली, एवढ्या बियांची एवढी फेड नसते,
आणि डब्यात लसणाची चटणी घालून दिली.
तिचा हिशोब असा कधी मिटायचा नाही.

पण या काळ्या जमिनीची वाटी?
त्या भुंग्याची, जो माझ्या आधी ड्यूटीवर असायचा?
मोरीतून वाहत आलेल्या भांड्यांच्या पाण्याची?
यांच्या वाटीत मी काय घालू?

संध्याकाळी कपाशीच्या काड्या पेटवल्या.
वांगी तडतडली, कातडी फाटून वाफ आली,
बडगीत मिरची-लसणासोबत ठेचली गेली.
कळण्याच्या भाकरीवर दोघांनी
बोलणं न काढता खाल्लं.
पमा एकदाच म्हणाली, मीठ बरोबर झालंय.

मी अजून त्या वाटीचाच विचार करत होतो
तोवर तिनं जळक्या साली, देठं, काड्यांची राख
सगळं सुपात भरून झाडांच्या बुडाशी नेऊन पसरलं.
मग तिथेच तांब्यानं हात धुतले.
ते पाणीही आळ्यात गेलं.

एक वांगं मी खुडलेलं नाही.
पार मागच्या ओळीत, पिवळं पडू लागलंय.
त्याला पमाच्या जुन्या साडीची चिंधी बांधलीय,
चुकून कुणी तोडू नये म्हणून.
त्याच्या आत किती बिया असतील,
ते मी मोजणार नाही.