रोख

छावणीच्या गोल्फ मैदानावर सकाळी सहाला
मी बॅगेतून दोन काड्या काढतो.
नारिंगी, फायबरच्या, करंगळीएवढ्या जाड.
एक चेंडूपलीकडे, झेंड्याच्या रोखाने,
दुसरी डॉक्टरीणबाईंच्या बुटांच्या टोकांशी.
दोन्ही रेल्वेच्या रुळांसारख्या.
"आता खांदे," मी म्हणतो.
खांदे काडीला मानत नाहीत.

डॉक्टर नसरीन काझी. शहागंजात डोळ्यांचा दवाखाना.
दिवसाला चाळीस जणांना लांबची अक्षरं वाचायला लावतात
आणि इथे दीडशे यार्डांवरचा झेंडा
त्यांना कायम उजवीकडे सरकलेला दिसतो.
"प्रत्येकाचा एक डोळा मालक असतो, कचरू,
दुसरा नोकर," त्या सांगतात.
मालक चुकला तर कुणी सांगायचं, हे सांगत नाहीत.

त्यांनी सगळं आणून पाहिलं.
पटरला चिकटवायचा लेझर:
मे महिन्यात आठच्या उन्हात त्याचा लाल ठिपका दिसेनासा झाला,
आम्ही दोघं वाळूवर वाकून शोधत राहिलो
सुटे पैसे पडल्यासारखे.
जमिनीवर ठेवायचा आरसा:
त्यात बाईंना आधी हनुवटीवरचा तीळ दिसला,
मग वर फिरणारी घार.
चेंडूवर रेघ मारायचं टोपण, साडेसहाशेचं, ते हरवलं.
मी खोकल्याच्या बाटलीचं टोपण ब्लेडने चिरून दिलं.
रेघ तेवढीच सरळ आली.

माझा बाप सांडू मिस्त्री.
त्याच्याकडे यातलं सगळं सिमेंटच्या एका पिशवीत मावायचं.
ओळंबा, गुण्या, पाणसळ,
आणि निळीत घोळवलेलं सूत.
दोन टोकांना ताणायचं, मधे चिमटीत उचलायचं,
सोडायचं. टण्.
भिंतीवर निळी रेघ, मिशीवर निळी भुकटी.
लोक म्हणतात, अमका सुतासारखा सरळ आला.
बाप म्हणायचा, "सूत काय जन्मताच सरळ ऱ्हातं व्हय?
दोन्हीकून वढावं लागतं त्येला."
दुसरं टोक मी धरायचो.
हात हलला की शिवी.

तेच काम मी इथे चौदा वर्षं केलं.
झेंडा, चेंडू, खेळणारा, आणि त्याच्या मागे मी,
एका ओळीत, एक डोळा मिटून.
"जरा डावीकडे. अजून. बास."

मग नियम बदलला.
काड्या सामन्यात आधीच चालत नव्हत्या,
आता कॅडीही चालेना.
खेळाडूने पाय रोवायला घेतले
की मागे उभं राहायचं नाही.
"मग थांबू कुठं?" मी सेक्रेटरीला विचारलं.
"कुठेही थांब की. फक्त ओळीत नको."

परवाच्या स्पर्धेत शेवटचं होल.
ग्रीन म्हणायचं, पण आमचं तपकिरी,
तेल पाजलेल्या वाळूचं.
आठ फूट उरले होते.
दौलताबादकडून वारा सुटलेला,
मी बाजूला लिंबाखाली, बॅगेचा पट्टा मुठीत.
इथून सगळंच तिरकं दिसतं,
बाई, चेंडू, भोक, सेक्रेटरीची टोपीसुद्धा.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी बुटांकडे पाहिलं, नियम म्हणून.
मग त्यांनी उजवा डोळा मिटला.
मालक.
हे मी शिकवलं नव्हतं.

चेंडू भोकाच्या कडेवरून दोन बोटं पुढे गेला.
"उजवीकडेच ना?"
"उजवीकडेच. पण आज थोडक्यात."
त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की होले उडाले.
चारशे ठरले होते, पाचशे दिले, रोख.

घरी बापाचं सूत अजून आहे.
नीळ कधीच उडून गेली.
रात्री एक टोक दाराच्या कडीला बांधलं,
दुसरं पायाच्या अंगठ्याला,
मधे चिमटीत उचललं, सोडलं.
रेघ कुठेच उठली नाही.
आवाज मात्र आला, आणि आतल्या खोलीतून बायकोचा,
"काय तुटलं?"