कंपनीची आई

लंडनच्या कोर्टात मी बेम्बाचं इंग्रजी करतो,
तासाच्या हिशेबाने.
माझी खुर्ची साक्षीदाराच्या जरा मागे,
म्हणजे मी ऐकू यावं, दिसू नये.

आज बाना चिती उभी आहे.
बाना चिती, म्हणजे चितीची आई.
आमच्यात बाई लेकराच्या नावानेच ओळखली जाते.
तिचं स्वतःचं नाव पुकारलं गेलं तेव्हा
ती मागे वळून बघत राहिली,
कोणाला बोलावलं म्हणून.

नदीचा रंग कसा होता?
"निळा," ती म्हणते. "मोरचुदासारखा.
पहिल्या दिवशी पोरं खूश होती."

सरकारने काही केलं नाही?
केलं की. लुसाकाहून निरीक्षक आला,
खाणीच्याच जीपमधून.
दंडही झाला. पावती आहे, शिक्का आहे.
ती रक्कम खाण साडेतीन तासांत कमावते,
हे आमच्या वकीलबाईंनी सांगितलं,
आणि मी ते बेम्बात सांगितलं नाही.
मला तसं कोणी विचारलं नव्हतं.

मग समोरचे वकील उठले. आवाज मऊ.
खाण चालवते ती लेक-कंपनी, मिलॉर्ड,
कायद्याने स्वतंत्र व्यक्ती.
मातृकंपनीकडे फक्त तिचे शेअर आहेत.

मातृकंपनीला बेम्बात शब्द नाही.
मी म्हणालो, कंपनीची आई.

बाना चिती सावध झाली.
"तिला आई आहे?"
आहे.
"कुठे असते?"
इथेच. नदीपलीकडे, चौथ्या मजल्यावर.
"मग ती का आली नाही?"

दुभाष्याने स्वतः उत्तर द्यायचं नसतं, इतकंही दिलं तेच जास्त.
मी प्रश्न इंग्रजीत ठेवला.
न्यायाधीशांचं पेन थांबलं.

"चिती नऊ वर्षांचा असताना
त्याने म्वापेच्या घरची मक्याची कोठी पेटवली.
काडी तू ओढलीस का, असं मला कोणी विचारलं नाही.
मीच अर्धा मका त्यांच्या अंगणात ओतला.
त्यांच्या ट्रकवर, टोप्यांवर, फाटकावर
आईचंच नाव आहे ना?
मी वाचू शकत नाही. पण आकार ओळखते.
खाली रस्त्यावरच्या पाटीवर तोच आकार आहे."

हरकत, मिलॉर्ड. हे प्रश्नाचं उत्तर नव्हे.
"नोंदवा," न्यायाधीश म्हणाले.
"वजन किती द्यायचं ते नंतर."

कायद्याचे हात लांब असतात म्हणे.
किती लांब, एवढं मोजायलाच आठ वर्षं गेली.
आजचाही मुद्दा तेवढाच आहे:
हा खटला इथे ऐकावा की ऐकू नये.
विषाचं नंतर. चितीच्या मूत्रपिंडाचं त्याहून नंतर.

जेवणाच्या सुट्टीत तिने पाणी मागितलं.
मी नळ दाखवला.
तिने ग्लास भरला, खिडकीशी नेला,
उजेडात धरला, हुंगला,
ओतून दिला,
पुन्हा भरला.

मी घड्याळ बघत होतो.
आत बोलावणं आलं तरी
ती अजून प्यायली नव्हती.